पुढे मराठी, पाठीवर इंग्रजी: रोजच्या इंग्रजीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून सुरुवात. चार महिने, रोज पाऊण तास, रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी. परीक्षेचं नको, अर्ज-विनंत्यांचं नको, माणसं एकमेकांशी बोलतात ते हवं. कामानिमित्त आठवड्यातून तीन-चार वेळा परदेशातल्या सहकाऱ्यांशी कॉल असतो. कामाचा विषय निघाला की माझं नीट निभावतं. पण कॉल सुरू होतानाची दोन मिनिटं आणि संपतानाचं एक, ज्यात इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, तेव्हा मी माइक बंद करून बसतो. माणसांची ओळख नेमकी त्याच तीन मिनिटांत होत असते, आणि मी तिथे नसतो.

पहिलं काम म्हणजे मला किती शब्द येतात ते तपासणं. मायकल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. यादी जुनी आहे, पण रोजच्या वापरातले शब्द सहसा लवकर बदलत नाहीत. ती घेऊन बसलोय. येतो त्या शब्दापुढे बरोबरची खूण.

८ जानेवारी

यादी संपली. अडलेले शब्द बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे शब्दांची वानवा नाही. मग तोंड उघडत का नाही?

उत्तराचा एक धागा आज सापडला. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. त्यात क्रियापदं किती, तर १८. कम, गो, गेट, गिव्ह, पुट, टेक, कीप, मेक, लेट अशी. एवढ्यावर सगळा व्यवहार चालतो कसा? ‘पुट’ला ‘ऑफ’ जोडलं की पुढे ढकलणं, ‘आउट’ जोडलं की विझवणं, ‘ऑन’ जोडलं की अंगात घालणं, ‘अप विथ’ जोडलं की सोसणं, म्हणून चालतो. यादीत ‘पुट’ एकदाच मोजला जातो. शिकणाऱ्याला मात्र तो दहा-बारा वेळा नव्याने शिकावा लागतो.

मी ‘पुट’पुढे बरोबरची खूण केली होती. ती खोडली. ‘गेट’, ‘टेक’, ‘रन’, ‘लुक’ यांच्याही खुणा खोडल्या.

११ जानेवारी

शब्दांच्या कार्डांची पेटी तयार केली. बुटांचं रिकामं खोकं, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली सांगितलेली ही पद्धत. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. आठवलं तर पुढच्या कप्प्यात जातं, नाही आठवलं तर कुठेही असलं तरी थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. लाइटनर यांच्या कप्प्यांचे दिवस थोडे वेगळे असतील, माझे मी माझ्या सोयीने ठरवले.

यामागचं कारण बरंच जुनं आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. १८८५ साली त्याने निष्कर्ष छापले. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त पाठांतर निसटतं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवलं तर ते जास्त टिकतं, या अनुभवावर ही पेटी उभी आहे.

पुढच्या बाजूला इंग्रजी, पाठीवर मराठी अर्थ. आज वीस कार्डं.

१९ जानेवारी

पेटी छान चालली आहे, बोलणं जिथल्या तिथे. ‘अंडर द वेदर’ म्हणजे बरं नसणं, हे कार्ड तिसऱ्या कप्प्यात पोचलंय. परवा खरंच अंगात कणकण होती आणि कॉलवर मी म्हणालो, ‘माय हेल्थ इज नॉट गुड.’ पलीकडचे एकदम गंभीर झाले. त्यांना काहीतरी मोठं दुखणं वाटलं. कार्ड पाहिल्यावर अर्थ आठवत होता. वेळ आली तेव्हा कार्ड आठवलं नाही.

२३ जानेवारी

आजचा प्रसंग सविस्तर लिहितो, कारण तो मनाला फार लागला.

मी तयार केलेल्या आराखड्यावर एका सहकाऱ्याने लागोपाठ चार आक्षेप घेतले. मला वाटलं, हा मुद्दाम आपल्याला पुढे जाऊ देत नाहीये. मनात मराठी शब्द आले: पाय ओढतोय. तोंडातून इंग्रजी आलं: ‘प्लीज डोन्ट पुल माय लेग.’

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘आय अ‍ॅम नॉट जोकिंग.’

मी थट्टेचं काही बोललोच नव्हतो. त्याला मात्र वाटलं, की त्याचे आक्षेप मी चेष्टेवारी नेतोय. पुढचा अर्धा तास दोघंही जपून बोललो. नंतर शोधलं तर ‘पुलिंग समवन्स लेग’ म्हणजे फिरकी घेणं. तोच पाय, तीच ओढ आणि अर्थ पार वेगळा.

हे इंग्रजीचं अज्ञान नव्हतं. वाक्याचं व्याकरण अचूक होतं, शब्द पहिलीतले होते. चूक माझ्या मराठीच्या आधाराने झाली, आणि हा आधार मी टाकून देऊ शकत नाही, कारण मी विचारच मराठीत करतो.

२४ जानेवारी

रात्री आईला कालची गोष्ट सांगितली. तिचं इंग्रजी बेताचं, पण मराठी अशी की एकेका वाक्यात दोन-दोन वाक्प्रचार. ती म्हणाली, ‘अरे, म्हण शिकवताना कोणी आधी अर्थ सांगतं का? वेळ आली की म्हण बोलायची. ऐकणाऱ्याला आपसूक कळते.’

मी ते बोलणं बराच वेळ डोक्यात घोळवलं. ‘कच खाणे’चा अर्थ मला कोणी सांगितला होता? कोणीच नाही. कोणीतरी ऐनवेळी माघार घेतली होती, घरात कोणीतरी तो शब्द वापरला, मी ऐकला. शब्दाबरोबर तो माणूस, ती वेळ, बोलणाऱ्याचा सूर, सगळं आलं होतं. माझ्या कार्डांवर यातलं काहीच नाही.

उद्यापासून कार्डं उलटी. पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग लिहायचा, पाठीवर त्या वेळी तोंडात यायला हवं ते इंग्रजी वाक्य. नुसता वाक्प्रचार नाही, पूर्ण वाक्य. कोण कोणाला म्हणतंय तेही. आधीची शंभरावर कार्डं बाद. वाईट वाटलं, पण बादच.

२६ जानेवारी

नवी पहिली दोन कार्डं.

पुढे: ‘सगळे एकमेकांना नवे. कोणी तोंड उघडेना. एक जण काहीतरी हलकंफुलकं बोलतो आणि मंडळी खुलतात. त्याच्याबद्दल नंतर सांगताना.’ पाठीवर: ‘ही ब्रोक द आइस.’

पुढे: ‘अंगात कसकस आहे, फार काही नाही. आज कॉलवर थोडं गप्प राहणार, हे सहकाऱ्यांना आधीच सांगताना.’ पाठीवर: ‘आय अ‍ॅम फीलिंग अ बिट अंडर द वेदर टुडे.’

२ फेब्रुवारी

आठवडाभर रात्री जेवणानंतर आईबरोबर बसतोय. मी प्रसंग सांगतो, ती मराठी सांगते, मग मी इंग्रजी शोधतो. तिच्याकडून आलेलं मराठी कार्डाच्या पुढच्या बाजूला जातं.

‘आई, कोणी अगदी मन लावून ऐकत असेल तर?’

‘जिवाचा कान करून ऐकतोय म्हणायचं.’

इंग्रजी: ‘आय अ‍ॅम ऑल इअर्स.’ अख्खा माणूसच कान होतो, दोन्हीकडे. हे कार्ड करताना इतका आनंद झाला की दोनदा मोठ्याने म्हटलं.

‘बघूनही न बघितल्यासारखं केलं तर?’ ‘कानाडोळा केला.’ इथे इंग्रजीला दोन वाक्प्रचार लागतात. दिसत असून दुर्लक्ष केलं तर ‘टर्न्ड अ ब्लाइंड आय’, ऐकू येत असून केलं तर ‘टर्न्ड अ डेफ इअर’. मराठीने कान आणि डोळा एकाच शब्दात बसवलेत. या शब्दाकडे मी आजवर कधी नीट पाहिलंही नव्हतं.

काही अगदी जुळे निघाले. हाताबाहेर जाणं, ‘गेट आउट ऑफ हँड’. जखमेवर मीठ चोळणं, ‘रब सॉल्ट इन द वूंड’. यांची कार्डं करायला वेळ घालवत नाही, तोंडात आपोआप येतात.

खरा धोका अर्ध्या जुळणाऱ्यांचा. हात धुण्याचंच बघा. मराठीत हात धुऊन घेतले म्हणजे संधी साधून फायदा उपटला. हात धुऊन मागे लागला म्हणजे पिच्छाच पुरवला. इंग्रजीत ‘ही वॉश्ड हिज हँड्स ऑफ इट’ म्हणजे त्याने हात झटकले, आपला संबंध नाही म्हणून मोकळा झाला. बायबलमधला रोमन अधिकारी पिलात लोकांसमोर हात धुऊन जबाबदारी नाकारतो, तिथली ही कृती. आपले हात गंगेत धुतले जातात, त्यांचे पिलाताच्या पाण्यात, मग अर्थ एक कसा होणार? अशा कार्डांच्या कोपऱ्यात लाल ठिपका. पहिला लाल ठिपका अर्थातच पायाच्या कार्डावर आहे.

९ फेब्रुवारी

आज शब्दांच्या जोड्या.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली लिहिलं, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. वाचलं आणि लगेच कागदावर मराठी जोड्या लिहिल्या. मुसळधार पाऊस. सोसाट्याचा वारा. कडाक्याची थंडी. किर्र अंधार. गर्द झाडी. टिपूर चांदणं. आता यातला एक शब्द दुसऱ्याला लावून बघा. मुसळधार वारा, टिपूर थंडी. व्याकरणात कुठेच चूक नाही, तरी मराठी माणूस हे बोलणार नाही.

मग तेच इंग्रजीत. हेवी रेन, पण स्ट्राँग विंड. बिटर कोल्ड. पिच डार्क. मी आजवर ‘बिग रेन’ आणि ‘फुल डार्क’ म्हणत आलो. समोरच्याला कळत होतं म्हणून कोणी सुधारलं नाही. ‘मेक’ आणि ‘डू’चंही असंच. मिस्टेक ‘मेक’ करतात, होमवर्क ‘डू’ करतात. यामागे नियम शोधण्यात मी एके काळी बरेच दिवस घालवले. टिपूर चांदणंच का, याचं तरी माझ्याकडे कुठे उत्तर आहे? जोडी जशी आहे तशी उचलायची.

१३ फेब्रुवारी

तीन दिवस पेटी उघडली नाही. कामाचा रेटा. पहिल्या कप्प्यात कार्डांचा ढीग.

२१ फेब्रुवारी

ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

‘पुट अप’, ‘गिव्ह अप’, ‘यूज अप’, ‘टाइडी अप’, ‘ईट अप’. या ‘अप’ने महिनाभर छळलं. अप म्हणजे वर. मग खाण्यात वर काय आहे? संपवण्यात वर काय आहे?

आज स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ‘ते सगळं आवरून टाक रे.’ मी उठलो आणि अर्ध्या वाटेत थांबलो. ‘टाक’ म्हणजे काय? मी काहीच टाकणार नव्हतो. ‘आवर’ आणि ‘आवरून टाक’ यांत फरक आहे तो एवढाच, की दुसऱ्यात काम शेवटाला न्यायचं आहे. ‘टाइडी अप.’ खाऊन टाक, ‘ईट अप’. संपवून टाकलं, ‘यूज्ड इट अप’. आपण जे काम क्रियापदाच्या मागे दुसरं क्रियापद लावून करतो, ते इंग्रजी छोट्या शब्दाने करतं.

वही घेऊन बसलो ते मध्यरात्रीपर्यंत. सोडून देणं, ‘गिव्ह अप’, आणि तिथे तर आपल्याही बाजूला ‘देणं’च आहे. निघून जाणं, ‘वॉक ऑफ’. बोलत राहणं, ‘चॅट अवे’. सगळीकडे जुळत नाही, जुळवायचा हट्टही नाही. पण ‘अप’ला अर्थ विचारणं मी आजपासून बंद केलं. ‘टाक’ला मी तो कधी विचारला नव्हता.

एका ठिकाणी अडलो. ‘सांगून बसला.’ यातल्या ‘बसला’मध्ये पश्चात्ताप आहे: नको होतं तरी सांगितलं, आता उपाय नाही. याला छोटा शब्द सापडेना. दीड तासाने दिसलं. ‘ही वेंट अँड टोल्ड हर.’ तो कुठेही गेलेला नाही. इंग्रजीतला माणूस जातो आणि चूक करतो, आपला चूक करून बसतो. एक उठतो, एक बसतो, हळहळ तीच.

कार्ड केलं. पुढे: ‘करू नये ते करून बसलो, आणि आता चुटपुट लागली आहे.’ पाठीवर: ‘आय वेंट अँड डिड इट.’

२३ फेब्रुवारी

छोटी पण कामाची गोष्ट. वस्तूचं नाव घेतलं तर ‘पिक अप द फाइल’ किंवा ‘पिक द फाइल अप’, दोन्ही चालतं. ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ कोणी म्हणत नाही. ‘लुक आफ्टर’ मात्र फोडता येत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. यासाठी कार्डांवर सगळीकडे ‘इट’ घालून वाक्यं लिहितोय, म्हणजे क्रम कानातच बसेल.

१ मार्च

माझी जुनी ईमेल काढून वाचली. ‘कमेन्स’, ‘परचेस’, ‘इन्क्वायर’, ‘इन्टिमेट’. सहकाऱ्यांची त्याच दिवसांतली उत्तरं: ‘स्टार्ट’, ‘बाय’, ‘आस्क’, ‘लेट मी नो’.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात, कोर्टकचेरीत फ्रेंच चाललं. सामान्य लोकांच्या तोंडी जुनं इंग्रजीच राहिलं. त्यातून एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द झाले, एक घरातला, एक दरबारातला. ‘आस्क’ घरातला, ‘इन्क्वायर’ दरबारातला. मराठीत विचारणं आणि पृच्छा करणं, सुरू करणं आणि प्रारंभ करणं, तसंच. मित्राला ‘तू जेवायला प्रारंभ कर’ असं कोणी म्हणत नाही. मी मात्र वर्षानुवर्षं सहकाऱ्यांना इंग्रजीत तेच म्हणत होतो. पुस्तकातून शिकणाऱ्याला दरबारी शब्दच आधी भेटतात आणि अवघड शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी असं वाटायला लागतं. मलाही तसंच शिकवलं गेलं. याचा मला आज खरंच राग आला.

८ मार्च

फक्त ऐकणं. दहा मिनिटांचं संभाषण, तेच तेच, सहा वेळा. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ मधलं ‘गोइंग टू’ मला ‘गॉना’ ऐकू येतं आणि ‘आर’ तर कुठे नाहीसाच होतो. पूर्वी वाटायचं, ही माणसं शब्द खातात. आज स्वतःचं मराठी ऐकलं. ‘काय करत आहेस’ असं मी शेवटचं कधी म्हणालो? ‘काय करतोयस’ असंच म्हणतो. त्यात ‘आहेस’ शोधून दाखवा.

आणखी एक गोष्ट सहाव्या वेळी ऐकताना पकडली. ‘ब्रेक डाउन’ क्रिया असते तेव्हा जोर ‘डाउन’वर पडतो. नाम झालं की जोर ‘ब्रेक’वर सरकतो. डोळ्यांनी वाचून हे कधीच कळलं नसतं.

१५ मार्च

मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांचे लाल ठिपके. ‘आय हॅव अ डाउट.’ आपली शंका म्हणजे प्रश्नही आणि संशयही. ‘डाउट’मध्ये संशयच आधी ऐकू येतो, म्हणजे समोरच्याच्या म्हणण्यावर विश्वास नाही असं. प्रश्न असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’. ‘लाइट गेली’ म्हणजे ‘द पॉवर इज आउट’. परीक्षेतली ‘कॉपी’ म्हणजे ‘चीटिंग’. ‘पास आउट’ झालो म्हणालात तर कित्येकांना तुम्ही बेशुद्ध पडल्यासारखं वाटेल.

२२ मार्च

आज वेळ वाया गेला आणि तो कसा गेला ते लिहून ठेवतो. ‘रूल ऑफ थम’चा उगम शोधत बसलो. अंगठ्याइतक्या जाडीच्या काठीने बायकोला मारायची मुभा देणारा इंग्लंडातला कायदा म्हणून हा वाक्प्रचार, अशी गोष्ट जागोजागी सांगतात. असा कायदा असल्याचा पुरावा नाही. पावसाच्या कुत्र्या-मांजरांची गवती छपरावरून घसरण्याची गोष्टही तशीच बिनबुडाची. शिवाय ‘कॅट्स अँड डॉग्ज’ मी शाळेत पाठ केलं, पण कॉलवर मला अजून एकदाही ऐकू आलेलं नाही. पाऊस कोसळतो तेव्हा सहकारी म्हणतात, ‘इट्स पोअरिंग.’

उगमाच्या गोष्टींनी वाक्प्रचार लक्षात राहतो हे खरं, पण खोटी गोष्ट डोक्यात ठेवून तो लक्षात ठेवायचा नाही. ‘रूल ऑफ थम’साठी आईचा एक शब्द पुरला: ठोकताळा.

५ एप्रिल

एका कार्डाची पाठ कोरी आहे. पुढे लिहिलंय, ‘ती रुसली आहे.’ शब्दकोशात ‘सल्क’ मिळतो. पण ‘सल्किंग’ म्हटलं की माणसाला नावं ठेवल्यासारखं होतं. रुसणं तसं नाही. कोणीतरी येऊन समजूत काढेल याची खात्री असते, त्याच माणसावर आपण रुसतो. परक्यावर कोण रुसतं? आईला विचारलं तर म्हणाली, ‘मग त्यांना दोन वाक्यांत समजावून सांग. शब्द नसला म्हणून काय झालं?’

दोन वाक्यं लिहायचा प्रयत्न चालू आहे. कार्ड पहिल्या कप्प्यात.

१७ एप्रिल

सकाळच्या कॉलवर सगळे जमायचे होते. मी आणि तोच आक्षेपवाला सहकारी, दोघंच होतो. त्याचा आवाज पडलेला. म्हणाला, ‘आय वेंट अँड डिलीटेड द राँग फोल्डर लास्ट नाइट.’

मला ते इंग्रजीत ऐकूच आलं नाही. चुकीचं फोल्डर पुसून बसलोय, असं ऐकू आलं. आणि मी म्हणालो, ‘ओ नो. डोन्ट वरी, वी’ल सॉर्ट इट आउट.’ मग कुठलं फोल्डर, जुनी प्रत कोणाकडे असेल, रात्री झोप लागली का, असं बोलत राहिलो. बाकीचे आले तेव्हा माझा माइक चालूच होता.

संध्याकाळी पेटी उघडली. ‘करून बसलो’चं कार्ड मध्यंतरी दोनदा पहिल्या कप्प्यात परत आलं होतं. आज ते पाचव्यात ठेवलं.